पाटकऱ्याचं कोरडं वजन

गावात कानिफनानांना आडनावानं कुणी ओळखत नाही. कोपरगावपासून अकरा किलोमीटरवरच्या या गावात एकतीस वर्षं त्यांनी पाटकरी म्हणून नोकरी केली. पाटाला पाणी सुटलं, की कुणाच्या शेताला ते किती वेळ आणि कुणाच्या मागून द्यायचं, हे त्यांच्या हाती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ते 'पाटकरी'च आहेत आणि त्यांची बायको झुंबरबाई 'पाटकरीण'. तसं पाहिलं तर पाटकरी हा माणूस कुणालाच आवडत नाही. ज्याला पाणी मिळतं त्याला ते आपल्या हक्काचं वाटतं आणि ज्याला मिळत नाही त्याला वाटतं, पाटकऱ्यानं मधल्यामध्ये खाल्लं. तरीही नाना बाजाराला गेले की दहा जण चहाला ओढतात. ही काही थोडी गोष्ट नाही.

नोकरीनं त्यांना एक खोड लावली. रोज सकाळी सहाला पाटाच्या दारापाशी, म्हणजे पाणी सोडायच्या-अडवायच्या लोखंडी झडपेपाशी जायचं, तिथल्या भिंतीवर रंगवलेल्या आकड्यांवरून पाण्याची उंची बघायची आणि डायरीत टिपायची. याला ते 'गेज घेणं' म्हणतात. निवृत्तीनंतर दारावर त्यांचं काही काम उरलं नाही, पण सहाला डोळा उघडायचाच. मग ते वस्तीवरून पाटाच्या कडेकडेनं एक चक्कर मारून यायचे आणि आल्यावर झुंबरबाईला, तिनं विचारलं नसतानाही, पाणी किती आहे ते सांगायचे. झुंबरबाई म्हणायची, "बरं झालं सांगितलं. मी आता निवांत भाकरी थापते."

यंदाच्या उन्हाळ्यात त्या चकरेत त्यांना दम लागायला लागला. आधी अर्ध्या वाटेत, मग घराच्या उंबऱ्यातच. पाय सुजले. झुंबरबाईला चपलेच्या पट्ट्याचा वळ दिसला.

"अवो, पाय बघा किती सुजलेत."

"पाय न्हाई सुजले. चप्पल आकसली."

"एका उन्हाळ्यात?"

"लई कडक उन्हाळा हाय."

वैशाखाच्या शेवटी आडवं पडलं की श्वास अडकायला लागला. बसूनच डुलक्या काढाव्या लागल्या, तेव्हा मात्र चपलेची सबब चालली नाही. त्यांचा मुलगा रविराज पुण्याला एका कंपनीत आहे. तो गाडी घेऊन आला आणि त्यानं नानांना श्रीरामपूरला दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टर होत्या सत्यशीला, पस्तिशीच्या, राहुरीकडच्या शेतकऱ्याची लेक. पाच दिवसांत त्यांनी नानांच्या अंगातलं सात किलो पाणी काढलं. नाना माणसात आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"डाक्टरीनबाई, रविराज म्हनला हार्ट फेल हाय. म्हंजी मी नापास झालो का?"

"नापास नाही, नाना. काठावर पास," डॉक्टर म्हणाल्या. "हृदय बंद पडलेलं नाही, त्याचा जोर कमी झालाय. एका दणक्यात जेवढं रक्त पुढं जायला पाहिजे तेवढं जात नाही."

"मग जोर कमी झाला तर पानी का साठलं? पंपाचा जोर कमी झाला तर पानी कमी यील. जास्त कसं?"

हा प्रश्न रोग्यानं विचारावा असं डॉक्टरांच्या नशिबी फारसं येत नसावं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "तीच तर गंमत आहे. हृदयाचा जोर कमी झाला, की मूत्रपिंडांकडं रक्त कमी पोचतं. आता मूत्रपिंडाला काय माहीत हृदयाचं काय झालंय ते? त्याला एवढंच कळतं, की आपल्याकडं येणारं कमी झालं. त्याला वाटतं, अंगातलं पाणीच आटलं. माणसाला कुठं मोठी जखम झाली असेल, रक्त गेलं असेल, नाहीतर तहानेनं कुठं पडला असेल. मग ते ओरडायला लागतं. रक्तात एक निरोप सोडतं. त्या निरोपामुळं शिरा आवळल्या जातात. मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक लहानशी ग्रंथी असते, तिला हुकूम जातो की मीठ धरून ठेव, बाहेर सोडू नको. मीठ राहिलं की पाणी राहिलंच. वर मेंदूही तहान वाढवतो आणि लघवी कमी करायला लावतो. आणि मज्जातंतू हृदयाच्या मागं लागतात, पळ, आणखी जोरात पळ."

"आन् त्ये दमलेलं."

"हो. पहिले काही दिवस या धावपळीनं माणूस तरतो. जखमेत खरंच रक्त गेलं असतं, तर हेच करून जीव वाचला असता. पण इथं रक्त गेलेलं नाही, पाणी आटलेलं नाही. मग महिनोन्महिने हीच हाकाटी चालू राहिली, की पाणी साचत जातं, शिरा आवळलेल्या राहतात आणि हृदयाला आणखी ओझं होतं. त्याचा जोर आणखी कमी होतो. मग मूत्रपिंड आणखी मोठ्यानं ओरडतं."

नाना हसायला लागले. "बाई, हा तर टेलवाला गोरक्षनाथ हाय."

पाटाला चाऱ्या, म्हणजे लहान पाट, फुटतात आणि चारीच्या अगदी शेवटच्या टोकाला 'टेल' म्हणतात. तिथवर पाणी पोचायला सगळ्यात उशीर, म्हणून टेलवाला नेहमी बोंबलत असतो. नानांच्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी गोरक्षनाथ नावाचा टेलचा शेतकरी रोज सायकल मारत यायचा आणि दारात उभा राहून ओरडायचा, की माझ्याकडं थेंब नाही, वरून आणखी पाणी सोडा. नाना तरुण होते, दया आली. त्यांनी दार आणखी वर केलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, नानांनी पुन्हा वर केलं. तिसऱ्या दिवशी चारी मधेच फुटली आणि बिभीषण नावाच्या एका गरीब माणसाचा दोन एकर कांदा पाण्यात बसला. गडबड होती मधल्या टप्प्यात. तिथं गाळ आणि पाणकणसं इतकी माजली होती, की पाणी पुढं सरकतच नव्हतं.

"गोरक्षनाथ खोटं बोलत न्हवता," नाना म्हणाले. "त्याच्याकडं पानी न्हवतंच. पन दार वर करनं हा विलाज न्हवता. मी त्याला बरं वाटावं म्हून केलं आन् बिभीषणाचं वाटुळं झालं."

"अगदी हेच," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या वडिलांची जमीनही टेललाच होती. "या गोळ्या त्या ओरड्यासाठी आहेत. एक मज्जातंतूंना आवरते, म्हणजे हृदयाला दम खायला मिळतो. एक मूत्रपिंडाचा निरोप पुढं जाऊ देत नाही. एक मीठ धरून ठेवायचा हुकूम अडवते. आणि ही चौथी साचलेलं पाणी लघवीवाटे काढते."

मग त्यांनी रक्ताचा कागद काढला. "आणि हे बघा. ताणलं गेलं की हृदय स्वतःसुद्धा एक रस सोडतं. पाणी जाऊ द्या, शिरा सैल करा, असं त्याचं म्हणणं. तुमच्या रक्तात तो रस भरपूर निघालाय. म्हणजे बिचारं कधीपासून सांगतंय, पण बाकीच्यांच्या आरड्याओरड्यात त्याचं ऐकतंय कोण."

नानांनी तो कागद हातात घेऊन नीट बघितला. एकतीस वर्षं पाटाच्या दारात उभं राहिलेल्या माणसाला हे चांगलंच ठाऊक होतं. ज्याचं बरोबर असतं त्याचा आवाज नेहमी लहान असतो.

घरी सोडताना डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. मीठ जवळजवळ बंद. पाणी, चहा, ताक सगळं धरून दिवसाला दीड लिटर. आणि रोज सकाळी वजन. पाणी उतरल्यावर नानांचं वजन अठ्ठावन्न किलो दोनशे भरलं होतं. "हे तुमचं कोरडं वजन. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा. एवढ्यात माणसाला मांस चढत नाही, ते पाणीच असतं."

हे सांगायची गरज होती का! रविराजनं काटा आणून दिला आणि नानांना जणू पाटबंधारे खात्यानं परत कामावर घेतलं. पडवीतली सगळ्यात सपाट फरशी त्यांनी गोटी ठेवून शोधली. गोटी घरंगळली नाही तिथं काटा मांडला. सहाला उठायचं, परसाकडं जाऊन यायचं, चहाच्या आधी, त्याच एका धोतरावर गेज घ्यायचं आणि डायरीत टिपायचं.

झुंबरबाईनं मिठावर मोहीम काढली. लोणच्याची बरणी शेजारच्या चांगुणाकडं गेली. पापड गेले, खारे दाणे गेले. भाकरीतलं मीठ गेलं, कालवणातलं गेलं. नानांनी पहिल्या दिवशी आळणी पिठलं खाल्लं आणि कपाळाला हात लावला. "हे पिठलं हाय का लापशी?"

"गप गिळा. डाक्टरीनबाईंनी सांगितलंय."

असं सगळं शिस्तीत चाललेलं असताना आषाढात नानांना पुन्हा दम लागला, पुन्हा पाय सुजले आणि पुन्हा तीन दिवस श्रीरामपूर झालं. आता रविराजनं हात जोडले. "नाना, आता तिसऱ्यांदा झालं तर हे घर बंद. तुम्ही दोघं माझ्याकडं यायचं. इथं मध्यरात्री काही झालं तर कोण आहे?" पोरगा प्रेमानं बोलत होता, म्हणून त्याला नाही म्हणणं अवघड. नाना बरं म्हणाले आणि आतून ढासळले. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर बसून ते कशाचं गेज घेणार होते? त्यांना मरणाची फार भीती नव्हती, पण पाट न दिसणाऱ्या खिडकीची होती.

श्रावण लागला आणि डायरीतला आकडा हळूहळू चढू लागला. अठ्ठावन्न-दोनशे, नऊशे, मग थोडं खाली, मग एकोणसाठ-चारशे. तीन दिवसांत दोन किलो होत नव्हते म्हणून फोन करायचं राहून जात होतं. पण चढ तो चढच. तिसऱ्या आठवड्यात काटा साठाला टेकला, तेव्हा नाना डायरी घेऊन ओसरीवर बसले. काटा खोटं बोलतोय का, हे बघायला त्यांनी दहा किलोचं गव्हाचं पोतं ठेवून पाहिलं. बरोबर दहा. मग त्यांनी आकड्यांपुढं वार लिहिले आणि त्यांना दिसलं. वजन उडी मारायचं ते रविवारी आणि मंगळवारी. मधल्या दिवसांत गोळीनं थोडं उतरायचं, पण सगळं नाही.

"झुंबरे, रविवारी आन् मंगळवारी सकाळी मी काय येगळं करतो?"

"कायबी न्हाई. रविवारी दाढी करता."

दाढीनं वजन वाढत नाही, उलट चार ग्रॅम कमीच होत असेल. पाटाची गडबड शोधायची तर पाटकरी टेलापासून वर चालत येतो. नानांनी तसंच केलं. रविवारच्या मागं शनिवार. शनिवारी सकाळी ते स्वयंपाकघरात पाट टाकून बसले ते उठेनात.

"अवो, बाहीर जा ना. भुतावानी काय बसलाय?"

"बसू दे. गेज घेतोय."

शनिवार म्हणजे नानांचा उपास. शनिशिंगणापूरला ते लहानपणी वडिलांबरोबर गेले होते, तेव्हापासून शनिवार चुकलेला नाही. श्रावणात सोमवारही असतो. गोळ्यांनी उपास मोडत नाही, हा निर्णय झुंबरबाईनं परस्पर देऊन टाकला होता, त्यामुळे गोळ्या चुकत नव्हत्या. नाना बघत होते. तिनं भगर धुतली, शिजत घातली. दाण्याच्या आमटीला फोडणी दिली. बटाट्याच्या काचऱ्या केल्या. मग फडताळातून एक डबी काढली, गुलाबी खडे पाट्यावर बारीक केले आणि ती पूड भगरीत टाकली, आमटीत टाकली, काचऱ्यांवर भुरभुरली.

"हे काय टाकलं?"

"शेंदेलोन."

"मीठ न्हाई ना त्ये?"

"मीठ कसं आसंल? उपासाला मीठ चालतं का कुठं?" झुंबरबाई म्हणाली. आणि नानांनी मान डोलावली, कारण बासष्ट वर्षं त्यांचीही हीच समजूत होती. मीठ ते मीठ आणि शेंदेलोण ते शेंदेलोण. दोघांची डबीही वेगळी, जागाही वेगळी. मान डोलावून झाली आणि मग तिचा अर्थ हळूहळू त्यांच्या डोक्यात उतरला. शनिवार आणि सोमवार. रविवार आणि मंगळवार. उपासाच्या संध्याकाळी घशाला जी कोरड पडायची, तीही उपासानंच पडते असं त्यांना वाटत होतं.

त्यांनी फोन लावला आणि झुंबरबाईपुढं धरला. तिनं डॉक्टरांना ठणकावून सांगितलं, "बाई, देवाशप्पत, मी मिठाला हात लावत न्हाई. उपासाला निस्तं शेंदेलोन टाकते."

पलीकडून डॉक्टर म्हणाल्या, "काकू, चूक माझी आहे. शेंदेलोण म्हणजे मीठच. समुद्राच्या ऐवजी खाणीतलं, एवढाच फरक. लोणच्यातलं लोण आणि शेंदेलोणातलं लोण एकच. मी नुसतं मीठ म्हणाले. माझी आजीसुद्धा त्याला कधी मीठ म्हणत नव्हती, मला सुचायला पाहिजे होतं." त्यांनी वजन विचारलं, पाण्याची गोळी तीन दिवस वाढवायला सांगितली. आणि दुकानात कमी सोडियमचं मीठ म्हणून जे पाकीट मिळतं तेही आणू नका, नानांच्या गोळ्यांबरोबर ते धोक्याचं आहे, हे दोनदा बजावलं.

फोन ठेवला. झुंबरबाई चुलीपुढं तशीच बसली. मग तिनं पदर तोंडाला लावला.

"अगं, तुला कुठं माहीत हुतं?"

"चिमूटभर टाकत न्हवते मी," ती म्हणाली. "जास्त टाकत हुते. पाच-पाच दिस आळनी खाऊन तुमचं त्वांड बघवत न्हवतं. म्हनलं, उपासाच्या दिशी चालतंय तर त्या दिशी तरी मानूस चवीनं जेवू दे. आन् तुमी मिटक्या मारत खायचे. मला बरं वाटायचं. मीच तुमाला मारत हुते, अवो."

नाना तिच्याजवळ सरकले. बेचाळीस वर्षांच्या संसारात ते तिच्याशी फार गोड बोलले नव्हते. ते त्यांच्या जिभेवरच नव्हतं. पण त्या क्षणी त्यांना दवाखान्यातली डॉक्टरांची खुर्ची आठवली आणि सगळं अंगच डोळ्यापुढं उभं राहिलं. मूत्रपिंडाला काळजी, म्हणून ते मीठ धरून बसलेलं. मज्जातंतूंना काळजी, म्हणून ते हृदयाला पळवणारे. सगळे त्याच माणसाला जगवायला धडपडतायत आणि त्या धडपडीनंच तो बुडतोय. आणि बाहेर चुलीपुढं ही.

"आगं येडे," ते म्हणाले, "माझं आंगबी तेच करत हुतं. तूबी तेच केलं. मला कुनीच मारत न्हवतं. सगळी मिळून वाचवत हुती. आता जरा कमी वाचवा, म्हंजी मी जगन."

झुंबरबाई रडतारडता हसली. ती भगर तिनं गाईपुढं ठेवली, हात धुतले आणि दुसरी शिजत घातली. नानांनी हरकत घेतली नाही.

पुढच्या शनिवारी रविराज आला. त्यानं पुण्यात तळमजल्यावर दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या आणि ते सांगायचं कसं, याच विचारात तो वाटभर होता. नानांनी त्याला आधी डायरी दिली. साठ, एकोणसाठ-पाचशे, एकोणसाठ, अठ्ठावन्न-सहाशे, अठ्ठावन्न-तीनशे. सोमवारचा उपास होऊनसुद्धा मंगळवारी उडी नव्हती, आणि परवापासून तीनशेवरच उभं होतं. सकाळी पाटाच्या दारापर्यंत जाऊन आलो, मधे एकदाही बसलो नाही, हे नानांनी सांगितलं आणि पाणी किती आहे तेही सांगितलं.

तिघं जेवायला बसले. रविराजनं भगरीचा पहिला घास घेतला आणि थांबला.

"आई, अगं, मीठ विसरलीस."

"व्हय बाबा," झुंबरबाई म्हणाली. "लई कष्टानं विसरले."

त्यानं तिच्या ताटाकडं पाहिलं. तीच भगर, तीच आमटी. तिथं वेगळं काही वाढलेलं नव्हतं. "तूही असंच खातेस?"

"मग? त्यांनी आळनी खायचं आन् मी समोर बसून चवीनं खायचं व्हय?"

नाना खाली मान घालून जेवत होते. आमटीत कोथिंबीर होती, जिरं होतं, लिंबू होतं. चव बरी होती असं म्हणणं म्हणजे खोटं बोलणं झालं असतं, पण त्यांना आनंद झाला होता हे खरं. रविराजनं पुढचा घास घेतला, मग त्याच्या पुढचा, आणि ताट स्वच्छ पुसून खाल्लं. त्या दोन खोल्यांचं तो दिवसभर काही बोलला नाही. निघताना गाडीची काच खाली करून त्यानं एवढंच विचारलं, "पुढच्या शनिवारी येतो तेव्हा लिंबं किती आणू?"